वय २४, चॉकलेट सिस्ट ४.६ सेंमी, सीए-१२५ वाढलेलं: ऑपरेशन की गोळ्या?

कृष्णाकाठ:

नमस्कार. धाकट्या बहिणीसाठी विचारते आहे. वय २४, लग्न झालेलं नाही. पाळीत पहिल्यापासून दुखतं, पण गेल्या दीड वर्षात फार वाढलंय. आदल्या दिवसापासून तिसऱ्या दिवसापर्यंत ओटीपोट आणि कंबर धरते. त्याच दिवसांत शौचाला बसलं की आतून सुरी फिरवल्यासारखी कळ येते. एरवी शौचाची काही तक्रार नाही. दर महिन्याला दोन दिवस रजा ठरलेली.

पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत डाव्या ओव्हरीत ४.६ × ३.९ सेंमीची गाठ आहे, 'चॉकलेट सिस्ट असावी' असं लिहिलंय. उजवी ओव्हरी आणि गर्भाशय नॉर्मल. सीए-१२५ (ओव्हरीच्या कॅन्सरच्या शंकेत करतात ती रक्ततपासणी) आलं ७२, लॅबची मर्यादा ३५. रक्त पाळीच्या दुसऱ्या दिवशी दिलं होतं.

एक डॉक्टर म्हणतात, लगेच दुर्बिणीतून गाठ काढू. दुसऱ्यांनी डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी, २ मिग्रॅ रोज एक, असं लिहून दिलंय. नातेवाइकांचं म्हणणं, लग्न लावून द्या, मूल झालं की सगळं थांबतं. आईला 'सीए' या अक्षरांनीच झोप लागत नाही.

विचारायचं हे: सीए-१२५ मुळे कॅन्सरची भीती बाळगायची का? गाठ आत्ताच काढावी का? गोळ्यांमुळे पुढे मूल व्हायला अडचण येते का? आणि पुढच्या पाळीपर्यंत दुखण्याचं काय करायचं? सध्या ती मेफेनामिक आणि डायसायक्लोमिन एकत्र असलेली गोळी घेते, फारसा उपयोग होत नाही.

बकुळ:

कृष्णाकाठ, शौचाच्या कळेबद्दल लिहिलंत हे फार बरं केलंत. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. बहिणीला तपासलेलं नाही, त्यामुळे हे सगळं तिच्या डॉक्टरांशी बोलताना हाताशी ठेवा.

आधी आईची काळजी. सीए-१२५ पाळीच्या दिवसांत तसंही वाढतं. एंडोमेट्रिऑसिस, फायब्रॉइड, अॅडिनोमायोसिस, ओटीपोटातला जंतुसंसर्ग, पोटाचा टीबी, या सगळ्यांत ते वाढतं. टीबीत तर कित्येक शेकड्यांत जातं. म्हणून एंडोमेट्रिऑसिसच्या निदानासाठी ही तपासणी करू नये असं आता स्पष्ट सांगितलं जातं. चोविसाव्या वर्षी ओव्हरीच्या कॅन्सरची शंका येते ती सोनोग्राफीत गाठीच्या आत घट्ट भाग आणि त्यात रक्तप्रवाह दिसला तर. तसं दिसलं तरी या वयात विचारायच्या रक्ततपासण्या वेगळ्या: एएफपी, बीटा-एचसीजी, एलडीएच. वजन उतरणं, संध्याकाळचा ताप, पोटात पाणी, यांतलं काही असेल तर मात्र टीबीचा शोध घ्यायला सांगा. नसेल तर ७२ या आकड्यामागे धावू नका आणि दर महिन्याला तो पुन्हा तपासत बसू नका.

आता आजार, म्हणजे एंडोमेट्रिऑसिस. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी पेशीजाल गर्भाशयाबाहेर रुजते: ओव्हरीवर, पोटाच्या आतल्या पडद्यावर, गर्भाशयामागच्या बंधांवर, आतड्यावर, मूत्राशयावर. दर महिन्याला तिथे दाह होतो, हळूहळू व्रण आणि चिकटे (अवयव एकमेकांना चिकटणं) तयार होतात. ओव्हरीत जुनं रक्त साठलं की चॉकलेट सिस्ट. पाळीचं थोडं रक्त नळ्यांतून उलटं पोटात जातं आणि त्यातून हे होतं, हा सिद्धांत सॅम्पसनने १९२७मध्ये मांडला. पण तसं उलटं रक्त बहुतेक बायकांत जातं आणि आजार होतो तो साधारण दहांतल्या एकीला. म्हणजे आनुवंशिकता, प्रतिकारशक्ती, इस्ट्रोजेन यांचाही हात आहे. बहिणीने काही खाल्लं, उचललं किंवा केलं म्हणून हे झालेलं नाही. घरात हे एकदा सगळ्यांसमोर सांगाच.

लग्नाच्या सल्ल्याबद्दल: युरोपातल्या एश्रे या संस्थेच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलंय की निव्वळ या आजारावर उपाय म्हणून गरोदर राहायचा सल्ला देऊ नये. गरोदरपणात पाळी थांबते म्हणून काहींना आराम पडतो, पुढे पाळी सुरू झाली की दुखणं परत येऊ शकतं. दुखणाऱ्या मुलीचं घाईने लग्न लावलं तर संबंधांच्या वेळच्या वेदनेची भर पडते, आणि तिथे बोलायलाही कुणी नसतं.

ऑपरेशनचं. ४.६ सेंमी या आकड्यावर ऑपरेशन ठरवू नये. ओव्हरीतून अशी गाठ सोलून काढताना तिच्या भिंतीबरोबर थोडा निरोगी भागही येतो, अंड्यांचा साठा कमी होतो. उलट, नुसती सुई घालून रिकामी केली तर ती पुन्हा भरते. म्हणजे काढायची तर नीट सोलूनच काढायची, आणि शक्यतो आयुष्यात एकदाच. गोळ्यांनी दुखणं आटोक्यात येत नसेल, गोळ्या सोसत नसतील, गाठ संशयास्पद असेल किंवा झपाट्याने वाढत असेल, मूत्रनलिका वा आतडं आवळलं जात असेल, तर ऑपरेशनला भक्कम कारण आहे. तुम्ही दिलेल्या माहितीत अजून असं कारण दिसत नाही. आधी तपासणी पूर्ण करा, गोळ्यांना किमान तीन महिने द्या. पूर्वी पक्क्या निदानासाठी दुर्बीण घालून बघायचीच अशी पद्धत होती. आता लक्षणं आणि चांगली सोनोग्राफी किंवा एमआरआय यांवरून उपचार सुरू करता येतात.

गोळी सुरू करण्याआधी एएमएच ही रक्ततपासणी करून घ्या. पाळीचा कुठलाही दिवस चालतो. हार्मोनच्या गोळ्या चालू असताना ती थोडी कमी येऊ शकते, म्हणून आधी. पुढे कधी ऑपरेशन ठरलंच तर आधीचा आकडा हातात हवा. एक लक्षात असू द्या, एएमएच अंड्यांचा साठा सांगतं. 'मूल होईल की नाही' हे त्यावरून कळत नाही.

पुढच्या पाळीसाठी: पेनकिलर चुकतात त्या वेळेमुळे. दुखणं घडवणारी प्रोस्टाग्लँडिन्स एकदा तयार झाली की गोळी ती पुसून टाकत नाही, नवी तयार होणं थांबवते. तेव्हा दुखणं असह्य झाल्यावर एक गोळी, हे उपयोगाचं नाही. पाळीच्या आदल्या दिवशी किंवा पहिली चाहूल लागताच सुरू करायची आणि घड्याळ लावून दोन-तीन दिवस घ्यायची. नेप्रोक्सेन ५०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, किंवा मेफेनामिक अॅसिड ५०० मिग्रॅ तीनदा, जेवणानंतर. दोन्ही एकत्र कधीच नाही. तिच्या सध्याच्या गोळीत मेफेनामिक बहुधा २५० मिग्रॅच असेल, पाकीट बघा. कमी पडलं तर मधल्या वेळेत पॅरासिटामॉल ६५० चालतं. पोटात व्रण, मूत्रपिंडाचा आजार, अॅस्पिरिनसारख्या गोळ्यांनी उठणारा दमा, यांपैकी काही असेल तर या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. मेफेनामिकबद्दल भारतीय औषधसंहिता आयोगाने २०२३च्या अखेरीस इशारा दिला होता: गोळी घेतल्यावर काही आठवड्यांत ताप, अंगभर पुरळ, गाठी सुजणं असं दिसलं तर गोळी बंद करून लगेच दवाखाना.

प्रतिध्वनी:

सोनोग्राफी-एमआरआय हे माझं काम, म्हणून तेवढ्यावरच लिहितो.

पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत ओव्हरीतली गाठ दिसते. गर्भाशय आणि मलाशय यांच्या मधली जागा नीट दिसत नाही, आणि शौचाच्या कळेचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं. त्यामुळे 'बाकी नॉर्मल' याचा अर्थ इतकाच, की बाकीचं पाहिलं गेलेलं नाही.

खरी उपयुक्त तपासणी म्हणजे योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी. आपल्याकडे 'लग्न झालंय का' एवढं विचारून ती रद्द होते. हा प्रश्न मुलीला एकटीला, नातेवाईक बाहेर बसवून विचारायला हवा आणि निर्णय तिचा हवा. तिला नको असेल तर गुदमार्गातून सोनोग्राफी होते. ऐकायला अवघड वाटतं, पण काही मिनिटांचं काम आहे आणि मागची जागा छान दिसते. तेही नको असेल तर ओटीपोटाचा एमआरआय.

तपासणारा कुणीही असो, चार गोष्टी पाहिल्या का हे विचारा. गर्भाशय आणि ओव्हरी, त्यात अॅडिनोमायोसिसच्या खुणाही. मग प्रोबने हलकं दाबल्यावर नेमकं कुठे दुखतं आणि ओव्हरी जागची हलते की चिकटलेली आहे. मग मलाशय गर्भाशयाच्या मागून मोकळं घसरतं का. याला आमच्याकडे 'स्लायडिंग साइन' म्हणतात, ते घसरत नसेल तर मागची जागा चिकटून बंद झालेली असू शकते. शेवटी खोल गेलेल्या गाठी: मागचे बंध, आतड्याची भिंत, मूत्राशय. दोन्ही ओव्हऱ्या गर्भाशयाच्या मागे एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या तर आजार खोलवर आहे असं धरूनच पुढे शोधावं.

गाठ चॉकलेट सिस्टच आहे का, याबद्दल. तिच्यात दुधट, एकसारखी छटा दिसते. साध्या रक्तस्रावाची गाठ जाळीदार दिसते आणि दोन-तीन महिन्यांत विरते. पहिल्या रिपोर्टवर शंका असेल तर सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा पाहणं हा स्वस्त आणि भरवशाचा मार्ग आहे. त्याच गाठीवर पहिल्याच आठवड्यात ऑपरेशन ठरवण्याचं कारण नसतं.

एमआरआय करायचा तर चिठ्ठीवर नुसतं 'पेल्व्हिस' लिहून आणू नका. डॉक्टरांना 'खोल एंडोमेट्रिऑसिससाठी, पाळीत शौचाला वेदना' एवढं लिहायला सांगा, त्यावर आमच्या प्रतिमांची आखणी ठरते. चार ते सहा तास उपाशी. आतड्याची हालचाल थांबवायला हायोसिनचं इंजेक्शन देतात, नाहीतर आतड्याजवळचं सगळं पुसट येतं. काचबिंदू किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर आधी सांगा. मूत्राशय अर्धवट भरलेलं हवं, तुडुंब नको. चरबी दाबलेल्या टी-१ प्रतिमेत चॉकलेट सिस्ट चमकते आणि टी-२ मध्ये काळवंडते, ही जोडी दिसली की ओळख बरीच पक्की होते. दीड टेस्लाचं मशीन पुरतं. तीनचंच हवं असा हट्ट नको.

रिपोर्टमध्ये हे आकडे असायला हवेत: गाठीची तिन्ही मापं, आतले कप्पे, घट्ट भाग आहे की नाही, दोन्ही ओव्हऱ्यांतले लहान फॉलिकल (अंड्यांच्या पिशव्या) किती, आतड्यावर गाठ असल्यास तिची लांबी, भिंतीचा कोणता थर आणि गुदद्वारापासून अंतर. आणि मूत्रपिंडं. खोल आजार मूत्रनलिका आवळतो तेव्हा बहुतेकदा काही दुखत नाही. मूत्रपिंड फुगत जातं आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. मूत्रपिंडं पोटावरून दोन मिनिटांत बघून होतात, ती राहून जाऊ देऊ नका.

आणि सगळं नॉर्मल आलं तरी आजार नाही असं होत नाही. पडद्यावरचे वरवरचे ठिपके कुठल्याच मशीनला नीट दिसत नाहीत.

नागकेशर:

वर औषधांचं आलंय, मी फिजिओथेरपीच्या बाजूने लिहिते. हा भाग बहुतेक फाइलींत नसतोच.

वर्षानुवर्षं दर महिन्याला कळा आल्या की ओटीपोटाच्या तळाचे स्नायू कायम आवळलेले राहायला लागतात. मग पाळी संपल्यावरही दुखतं, फार वेळ बसवत नाही, शौचानंतर जळजळतं, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो. अशी लक्षणं असतील तर गाठ काढूनही दुखणं पूर्ण जात नाही, आणि सगळे म्हणतात 'आता तर ऑपरेशनही झालं'.

या बायकांना कुणीतरी 'कीगेल' सांगतं. आवळलेल्या स्नायूंना आणखी आवळायला लावणारा तो व्यायाम इथे बाधतो. इथे स्नायू सैल करायला शिकायचं. उताणं झोपून गुडघे वाकवा, एक हात पोटावर. चार मोजत नाकाने श्वास घ्या, पोट वर येऊ द्या आणि त्याच वेळी लघवी सुरू होताना जसं खालून सुटतं तसं सुटू द्या. सहा मोजत श्वास सोडा, सोडताना खाली काही आवळायचं नाही. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, पाळी नसतानासुद्धा. त्यानंतर पाय भिंतीला टेकवून किंवा बद्धकोनासनात उशांचा आधार घेऊन दोन-तीन मिनिटं. ताण जाणवला तर चालेल, दुखलं तर थांबा.

शेकायची पिशवी पंधरा-वीस मिनिटं, मध्ये टॉवेल ठेवून. पोटावर जाळीदार तपकिरी डाग पडलेल्या मुली आमच्याकडे येतात. तो सततच्या उष्णतेचा डाग असतो, रात्रभर पिशवी ठेवून झोपू नये. टेन्स मशीन (त्वचेवरून सौम्य वीज देऊन दुखणं कमी करणारं) मिळालं तर ८० ते १०० हर्ट्झ, पॅड ओटीपोटावर किंवा कमरेच्या खालच्या भागावर, वीस-तीस मिनिटं, मुंग्या येतील इतकीच तीव्रता. पेसमेकर असेल किंवा गरोदरपणाची शक्यता असेल तर नको.

शौचासाठी: कमोड असेल तर पायाखाली पाट घ्या, गुडघे कमरेपेक्षा वर यायला हवेत. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर उत्तमच. कुंथायचं नाही. मल कडक असेल तर इसबगोल दोन चमचे, ग्लासभर पाण्यातून. कमी पाण्यात घेतलं तर उलट घट्ट होतं. ट्रामाडॉल या कडक पेनकिलरच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं आणि पाळीतली शौचाची कळ दुप्पट होते, हे लिहून देणाऱ्यांच्याही लक्षात राहत नाही.

तीन महिने रोज एक ओळ लिहायला सांगा: तारीख, दुखणं ० ते १० पैकी किती, रक्तस्राव, शौचाला आणि लघवीला दुखलं का, कोणती गोळी किती वाजता, काम बुडलं का. 'खूप दुखतं' यापेक्षा ही वही डॉक्टरांपुढे जास्त बोलते.

खाण्याचं सगळे विचारतात. गहू किंवा दूध बंद करून हा आजार बरा होतो असा पुरावा नाही. एखाद्या पदार्थाने पोट फुगत असेल तर तो महिनाभर बंद करून बघावा, फरक नसेल तर परत सुरू करावा. आधीच अशक्त झालेल्या मुलीच्या ताटातून एकेक पदार्थ कमी करत जाऊ नये.

कृष्णाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. चिठ्ठीवर लिहून घेऊन एमआरआय केला. डावीकडे चॉकलेट सिस्ट ४.५ सेंमी, एकच कप्पा, घट्ट भाग नाही. डाव्या बाजूच्या मागच्या बंधावर ११ मिमीची खोल गाठ. आतड्याची भिंत मोकळी, मूत्रपिंडं नॉर्मल. एएमएच २.९. डायनोजेस्ट सुरू करायचं ठरलंय.

आईचा प्रश्न: गोळीने पाळी बंद झाली तर ते रक्त आत साठणार नाही का? आणि सहा महिन्यांनी गोळी बंद केल्यावर पुढे काय?

बकुळ:

एमआरआयने शौचाच्या कळेचं कारण दाखवलं. खोल गाठ आहे, पण आतडं वाचलंय, ही चांगली गोष्ट.

आईंना सांगा: पाळी म्हणजे दर महिन्याला वाढलेलं अस्तर गळून पडणं. या गोळीने अस्तर वाढतच नाही, पातळ राहतं. गळायला काही नसतं, त्यामुळे साठायलाही काही नसतं. गणपतीत पाळी पुढे ढकलायला घराघरांत घेतली जाते ती नोरेथिस्टेरॉन याच जातीतली आहे आणि एंडोमेट्रिऑसिससाठीही वापरली जाते, तेव्हा आईंना हा प्रकार अगदीच अनोळखी नसेल.

गोळी कशी घ्यायची: रोज ठरलेल्या वेळी एक, मध्ये खंड नाही. पाकीट संपलं की दुसऱ्या दिवशी नवीन. जेवणाआधी की नंतर याने फरक पडत नाही. विसरली तर आठवताच एक, पुढची नेहमीच्या वेळी. घेतल्यापासून तीन-चार तासांत उलटी किंवा जुलाब झाले तर आणखी एक.

बहुतेक जणी गोळी सोडतात ती पहिल्या तीन महिन्यांत, अधूनमधून थेंब-थेंब रक्त जातं म्हणून. 'पाळी बंद होणार होती, इथे तर रोजच डाग' असं होतं आणि विश्वास उडतो. अस्तर पातळ होताना हे होतंच, पुढे कमी होत जातं. चार-सहा तासांत पॅड पूर्ण भिजत असेल तर मात्र कळवा. डोकेदुखी, छाती दुखरी होणं, मुरुमं येऊ शकतात. मन उदास होणं याकडे घरच्यांनी लक्ष ठेवा. आधी कधी नैराश्यावर उपचार झाले असतील तर ते डॉक्टरांना आजच सांगा. लागला तर उपाय आहे, गोळी बदलता येते. टीबीचं रिफॅम्पिसिन आणि फिट्सच्या फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन या औषधांनी डायनोजेस्टचा परिणाम उतरतो. आणखी एक, ती एकटी असताना सांगा: ही गोळी गर्भनिरोधक म्हणून धरू नये, गरज असेल तेव्हा कंडोम हवाच.

सहा महिने हा आकडा कुठून येतो? इस्ट्रोजेन बंद पाडणाऱ्या ल्युप्रोलाइड इंजेक्शनचा तो कोर्स. ३.७५ मिग्रॅ महिन्याला एक, जास्तीत जास्त सहा महिने, कारण हाडं ठिसूळ होतात. जास्त काळ द्यायचं तर सोबत कमी मात्रेत हार्मोन द्यावे लागतात. चोवीस वर्षांच्या मुलीला सुरुवातीलाच ते इंजेक्शन नको. डायनोजेस्टला असा सहा महिन्यांचा कडेलोट नाही. ती आजार दाबून ठेवते, मुळापासून काढत नाही. बंद केल्यावर साधारण दोन महिन्यांत पाळी परत येते आणि पुष्कळदा दुखणंही. म्हणून सोसत असेल तर मूल हवं असेल तोवर चालू ठेवायची. या वयात हाडांसाठी ड जीवनसत्त्व आणि पुरेसं कॅल्शियम पाहा. गोळीने अंडी संपत नाहीत. साठा कमी करतात ते आजार आणि ऑपरेशन.

तीन महिन्यांनी वही घेऊन डॉक्टरांकडे. सहा महिन्यांनी सोनोग्राफी, मग वर्षाला एक. गाठ हळूहळू आकसते, पूर्ण नाहीशी क्वचितच होते, त्यामुळे 'अजून आहे' म्हणजे गोळी फसली असं नाही. दुखणं किती कमी झालं ते मोजा. सोसली नाही तर पर्याय: खंड न घेता साध्या गर्भनिरोधक गोळ्या (डोळ्यांपुढे चमक येणारा मायग्रेन, रक्ताची गुठळी झाल्याचा इतिहास किंवा उच्च रक्तदाब नसेल तरच), नाहीतर गर्भाशयात बसवायचं ५२ मिग्रॅ लेव्होनॉर्जेस्ट्रेल या हार्मोनचं साधन. लग्न न झालेल्या मुलीलाही ते भूल देऊन बसवता येतं.

एवढं करून दुखणं राहिलं तर ऑपरेशन. सर्जनना हे विचारा: खोल गाठ कापून काढणार की वरून जाळणार? आतड्याचे आणि मूत्रमार्गाचे सर्जन त्याच दिवशी हजर असतील का? ओव्हरीतलं रक्त थांबवायला विजेचा चटका किती वापरता, टाके घालता का? ऑपरेशनचं चित्रीकरण मिळेल का? उत्तरं गोलमाल आली तर दुसरं मत घ्या. हा आजार वरवरच्या ऑपरेशनने अर्धवट राहतो, आणि दुसऱ्या वेळी चिकटे जास्त, ओव्हरी कमी. ऑपरेशननंतर काहीच औषध घेतलं नाही तर पाच वर्षांत जवळपास निम्म्या जणींत आजार परत दिसतो. म्हणून नंतर दीड-दोन वर्षं तरी हार्मोन चालू ठेवतात. 'गाठ काढली, आता गोळ्या कशाला' हे कुणी म्हणालं तर हा आकडा सांगा.

मुलाचं: खूप जणींना आपसूक राहतं. ज्या दिवशी ठरवेल त्या दिवशी गोळी बंद. सहा महिन्यांत राहिलं नाही तर वंध्यत्वतज्ज्ञांकडे, वर्षभर थांबू नये. दोन्हीकडे गाठी झाल्या, एएमएच पडत गेलं किंवा दुसरं ऑपरेशन करायची वेळ आली, तर त्याआधी अंडी गोठवण्याबद्दल बोलावं. कृत्रिम गर्भधारणेच्या २०२१च्या कायद्याप्रमाणे २१ पूर्ण झालेल्या स्त्रीला, लग्न झालेलं नसलं तरी, ते करता येतं.

एकदम एका बाजूला जीवघेणं दुखून उलट्या, दुखण्यासोबत ताप, चक्कर येऊन पडणं, यांपैकी काहीही झालं तर पाळीचं आहे म्हणून घरी थांबू नका. ओव्हरीला पीळ पडणं, गाठ फुटणं किंवा तिच्यात पू होणं असू शकतं.

माणदेशी:

मध्येच विचारते, माफ करा. वहिनीला सिझर होऊन चार वर्षं झाली. टाक्याच्या उजव्या टोकाला लिंबाएवढी गाठ आहे, पाळीत सुजते आणि ठणकते, एरवी नुसती हाताला लागते. दोन ठिकाणी 'टाक्याची गाठ आहे, जिरेल' म्हणाले. हेही हेच असू शकतं का?

प्रतिध्वनी:

हो, आणि वर्णन अगदी तसंच आहे. सिझरच्या वेळी अस्तराच्या पेशी जखमेत राहून पोटाच्या भिंतीत रुजतात. पाळीबरोबर सुजणं आणि ठणकणं ही मुख्य खूण. टाक्याची गाठ महिन्याच्या तालावर दुखत नाही. हर्निया खोकताना फुगतो आणि आडवं झाल्यावर बसतो, तेही करून बघायला सांगा.

सोनोग्राफी साध्या पोटाच्या प्रोबने करू नये. वरवरचं पाहायचा बारीक, सरळ प्रोब वापरायला सांगा, शक्यतो दुखत असतानाच्या दिवसांत. गडद, कडा वेड्यावाकड्या असलेली गाठ दिसते, कधी आत थोडा रक्तप्रवाह. ती फक्त चरबीत आहे की खालच्या जाड पडद्यात आणि स्नायूत शिरलीय, हे रिपोर्टमध्ये यायला हवं. ऑपरेशन किती मोठं होणार ते त्यावरच ठरतं.

बकुळ:

माणदेशी, इथे उलट आहे: गोळ्यांनी दुखणं थोडं उतरतं, गाठ राहतेच. कापून काढणं हाच उपाय, आणि चारी बाजूंनी साधारण एक सेंटीमीटर निरोगी भागासकट. खरवडून किंवा तुकड्यातुकड्यांत काढली तर पुन्हा येते. पडद्याचा मोठा भाग काढावा लागला तर तिथे जाळी बसवावी लागते, नाहीतर नंतर हर्निया होतो. म्हणून गाठ लिंबाएवढी असतानाच दाखवा. ऑपरेशनआधी गाठीवर पेनने खूण करून घ्या, तीही शक्यतो पाळीच्या दिवसांत. एरवी ती मऊ पडते आणि भूल दिल्यावर हाताला लागत नाही. काढलेली गाठ हिस्टोपॅथॉलॉजीला पाठवा आणि तो कागद फाइलला लावून ठेवा, पुढच्या सिझरच्या वेळी लागेल.